‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’: एकच पान वेगवेगळ्या पडद्यांवर का मोडतं आणि दोष कसा शोधायचा

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. नव्या पुस्तकांची यादी, सभासदत्वाचा अर्ज, व्याख्यानमालेच्या सूचना, एवढाच तिचा पसारा. एकदा तिथल्या ग्रंथपाल सरांनी लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. यादीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना अर्धा कापला गेला होता. पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेलंय, हे सांगणारा नेमका तोच रकाना. मेन्यूतलं ‘संपर्क’ दुसऱ्या ओळीत घसरून खालच्या सूचनेवर चढलं होतं. “ताई, सकाळपासून तिसऱ्या माणसानं विचारलं, पुस्तक आहे का नाही ते कुठं लिहिलंय म्हणून,” सर म्हणाले.

माझ्या पडद्यावर तेच पान शाबूत होतं. फोनवरही ठीक होतं.

वेबसाइटचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार फिरून फिरून येते. त्यावर पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, “कंट्रोल दाबून शून्य दाबा, झूम शंभरवर आणा.” मीही पूर्वी हेच सांगायचे. पण त्या वाचनालयात येणारी निम्मी माणसं चष्म्याची आहेत. सरांनी अक्षर मोठं ठेवलंय ते त्यांच्यासाठी. त्यांना अक्षर लहान करायला लावून पान ‘नीट’ दाखवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वाचणाऱ्याची सेटिंग आहे तशी राहील असं धरूनच दोष शोधायचा. पुढचं सगळं त्याच अटीवर लिहिलंय. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीतच लिहायची.

आधी आकडे मागवा

फोटो बघून अंदाज बांधत बसलं की तासभर सहज जातो. मी चार गोष्टी विचारते: पडद्याचं रिझोल्यूशन किती, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ किती टक्के आहे, ब्राउझरचा झूम किती आहे आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार बदललाय का. पण फोनवरून समोरच्याला मेन्यूमागून मेन्यू उघडायला लावणं दोघांनाही जड जातं. म्हणून मी प्रत्येक साइटवर एक साधं पान ठेवते. ते उघडलं की खिडकीची रुंदी, उंची, डिव्हाइस पिक्सेल रेशो (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती ठिपके) आणि मूळ अक्षराचा आकार हे चार आकडे ठळक दिसतात. समोरच्यानं त्याचा फोटो काढून पाठवला की झालं. जावास्क्रिप्टच्या पाच-सहा ओळींचं काम आहे, आणि वेळ वाचवणारी इतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला अजून सापडलेली नाही.

सरांकडून आकडे आले: रुंदी ९९३, रेशो १.३७५. लॅपटॉप मात्र १३६६ बाय ७६८ चा. मधले पावणेचारशे पिक्सेल गेले कुठे?

सीएसएसमधला पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नाही. ते एक माप आहे. सीएसएसच्या हिशेबात एका इंचाचे ९६ पिक्सेल होतात. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के केलं की अशा एका पिक्सेलसाठी पडद्याचे सव्वा ठिपके लागतात. १३६६ भागिले १.२५ केलं की १०९२.८ येतात. त्यावर सरांनी ब्राउझरचा झूम ११० ठेवला होता. सव्वा गुणिले १.१ म्हणजे १.३७५, आणि १३६६ ला त्यानं भागलं की ९९३ च्या आसपास. पडदा १३६६ चा असला तरी माझ्या पानाला तो ९९३ चाच दिसत होता. उंचीचंही तसंच. ७६८ चे साधारण ५५८ उरतात आणि त्यातून टास्कबार, टॅबची पट्टी, पत्त्याची पट्टी वजा करायची.

फुल एचडी लॅपटॉपलाही हेच लागू आहे. १९२० बाय १०८० चा पडदा १२५ टक्क्यांवर १५३६ बाय ८६४ चा होतो, १५० टक्क्यांवर १२८० बाय ७२० चा. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर विंडोज अनेकदा स्वतःच १२५ किंवा १५० सुचवते, त्यामुळे मालकाला आपण काही बदललंय याची कल्पनाही नसते. तेव्हा ‘आजकाल सगळ्यांकडे १९२० असतं’ हे गृहीतक मनातून काढून टाका.

हे कळलं की फोटोचा अर्थ लागतो. माझा मेन्यू ९९२ पिक्सेलच्या खाली गेला की तीन रेघांच्या बटणात गुंडाळला जात होता. सरांचा पडदा होता ९९३ चा. म्हणजे मोठ्या पडद्याची पूर्ण मांडणी, पण जागा सगळ्यात कमी. ब्रेकपॉइंटच्या, म्हणजे मांडणी जिथे बदलते त्या आकड्याच्या, जेमतेम वरची रुंदी ही कुठल्याही मांडणीची खरी परीक्षा असते, आणि मी फक्त १४४० आणि ३९० वर तपासलं होतं.

तीच अवस्था आपल्या यंत्रावर आणा

यासाठी सरांचा लॅपटॉप लागत नाही. विंडोजचं स्केल काय किंवा ब्राउझरचा झूम काय, पानाच्या दृष्टीनं परिणाम जवळजवळ एकच: पिक्सेल मोठे होतात, रुंदी कमी होते. आपल्या ब्राउझरचा झूम वाढवून खिडकी ओढत ओढत तोच आकडा आणायचा. ब्राउझरमधल्याच डेव्हलपर टूल या तपासणीच्या सोयीतली मोबाइलची चौकट इथे थोडी फसवते, कारण तिच्यात स्क्रोलबार पानावर तरंगतो, जागा खात नाही. विंडोजच्या साध्या खिडकीत तो पंधरा-सतरा पिक्सेल घेतो. म्हणून डेस्कटॉपची तक्रार असेल तर खरी खिडकीच लहान करून बघा.

कोडमध्ये हात घालण्याआधी दोन ओळी तपासून घ्या. पहिली डॉकटाइपची, म्हणजे पान कुठल्या पद्धतीनं मांडायचं हे ब्राउझरला सांगणारी सगळ्यात वरची ओळ. ती नसेल, किंवा तिच्याआधी एखादं भलतंच अक्षर छापलं जात असेल, तर ब्राउझर जुन्या काळच्या ‘क्वर्क्स’ पद्धतीनं पान मांडतो आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. दुसरी व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगची, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे मोबाइलला सांगणारी: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १. २००७ साली आयफोन आला तेव्हा सगळी वेब डेस्कटॉपसाठी लिहिलेली होती, म्हणून त्यातल्या सफारीनं पान ९८० पिक्सेल रुंद धरून आकसून दाखवायची रीत पाडली, आणि ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी हा टॅग आणला. बाकीच्या मोबाइल ब्राउझरांनी तो उचलला. आजही टॅग नसला तर मोबाइलवर पान मुंगीएवढं दिसतं. एकाच साइटची बाकी पानं ठीक आणि एकच पान बारीक दिसत असेल, तर बहुधा त्या पानात सामाईक हेडरची फाइल जोडलेली नसते. याच टॅगमध्ये ‘मॅक्सिमम-स्केल’ किंवा ‘यूजर-स्केलेबल=नो’ लिहिलेलं सापडलं तर काढून टाका. वाचणाऱ्याला दोन बोटांनी अक्षर मोठं करू न देणं हा माझ्या मते अन्याय आहे. आयओएस १० पासून सफारी ती बंदी मानतही नाही.

आकसायला तयार नसलेलं कोण?

पान आडवं सरकतंय म्हणजे कुठली तरी एक वस्तू खिडकीपेक्षा रुंद राहायचा हट्ट करतेय. बहुतेक वेळा एकच. ती सापडेपर्यंत दुसरं काही बदलू नका.

डोळ्यांनी शोधायचं तर सगळ्या घटकांना लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, बॉर्डरनं मापं बदलतात. आउटलाइन जागा घेत नाही. मग उजवीकडे सरकून बघा, कुठली लाल चौकट बाहेर आलीय ते. पान मोठं असेल तर डेव्हलपर टूलच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टचा छोटा लूप चालवा: प्रत्येक घटकाची उजवी कड मोजायची आणि ती डॉक्युमेंटच्या क्लायंट-विड्थपेक्षा (स्क्रोलबार वगळून उरणाऱ्या रुंदीपेक्षा) जास्त असेल तर त्याचं नाव छापायचं. तरीही नाही सापडलं तर डेव्हलपर टूलमध्ये पानाचे मोठे तुकडे एकेक करून काढा. ज्या तुकड्याबरोबर आडवा स्क्रोलबार जाईल, त्याच्याच पोटात दोष आहे. मग त्या तुकड्याचे तुकडे.

इथे एक मोह होतो. बॉडीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावलं की स्क्रोलबार जातो आणि दुरुस्ती झाल्यासारखं वाटतं. पण बाहेर गेलेली वस्तू बाहेरच राहते, फक्त आता तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताही बंद. सरांचा ‘उपलब्ध’ रकाना असाच गायब झाला होता, कारण कधीतरी घाईत मीच ती ओळ लिहून ठेवली होती. असं हिडन वरच्या एखाद्या वेष्टनाला लावलं तर आतले चिकटून राहणारे हेडरही चिकटायचे थांबतात. ती ओळ सापडली तर सगळ्यात आधी काढा, मग खरा दोष उघडा पडतो.

माझ्या पानात तीन दोष एकात एक अडकले होते. पहिला सरळ होता: मोठ्या पडद्याच्या मांडणीत मधल्या वेष्टनाची रुंदी १२०० पिक्सेल अशी ठोकून दिलेली. तिथे ‘मॅक्स-विड्थ’ १२०० आणि ‘विड्थ’ १०० टक्के करायला हवं होतं. त्याबरोबर दोन्ही बाजूंना वीस-वीस पिक्सेल पॅडिंगही (कडेची आतली मोकळी जागा) होतं. मूळ नियमानं पॅडिंग रुंदीच्या बाहेर मोजलं जातं, म्हणून १०० टक्के अधिक चाळीस होतात आणि चाळीस पिक्सेल बाहेर लोंबतात. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ सगळ्या घटकांना लावलं की पॅडिंग आत मोजलं जातं. ही ओळ आता मी प्रत्येक साइटच्या सीएसएसमध्ये पहिली लिहिते.

दुसरा दोष जास्त चकवणारा. तक्ता आणि बाजूची सूचनापेटी फ्लेक्सनं, म्हणजे वस्तू एका ओळीत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीनं, शेजारी मांडल्या होत्या. फ्लेक्समधल्या प्रत्येक वस्तूची किमान रुंदी आपोआप ‘ऑटो’ असते, म्हणजे आतला मजकूर जेवढा दाबता येईल त्याखाली ती वस्तू जात नाही. आता तक्त्याचा मजकूर बघा. रकान्याच्या डोक्यावर ‘शासनमान्यताप्राप्त’, खाली ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘स्वातंत्र्योत्तर’, ‘व्यक्तिचित्रणात्मक’. आपल्या मराठीत प्रत्यय आणि समास जोडून शब्द लांबतात, आणि शब्दाच्या मध्ये ब्राउझर आपण होऊन ओळ तोडत नाही. सगळ्यात लांब शब्द रकान्याची किमान रुंदी ठरवतो, सगळे रकाने मिळून तक्त्याची, तक्ता त्या वस्तूची आणि ती वस्तू पानाची. इंग्रजी नमुना मजकूर भरून तपासलेली टेम्पलेट मराठी भरलं की फाटते, त्याचं मोठं कारण हेच. उपाय दोन शब्दांचा: त्या फ्लेक्स वस्तूला ‘मिन-विड्थ: ०’. ग्रिड (आडव्या-उभ्या चौकटींची मांडणी) वापरत असाल तर ‘१ एफआर’ (उरलेल्या जागेचा एक वाटा) च्या पोटातही हीच किमान रुंदी दडलेली असते, तिथे ‘मिनमॅक्स’ मध्ये शून्य आणि १ एफआर असं लिहायचं.

एवढ्यानं वस्तू आकसते, पण आतला तक्ता तिच्याबाहेर येतोच. त्याला स्वतःची चौकट देऊन चौकटीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या. मग पान जागच्या जागी राहतं आणि फक्त तक्ता आडवा सरकतो. मी आणखी एक केलं, रकान्यांचा क्रम बदलला. ‘उपलब्ध’ हा रकाना शीर्षकाच्या शेजारी आणला. लोक त्यासाठीच यादी उघडतात, मग तो शेवटी कशाला?

तिसरा दोष वरच्या सूचनापट्टीचा. तिला रुंदी ‘१०० व्हीडब्ल्यू’ दिली होती. व्हीडब्ल्यू खिडकीची रुंदी स्क्रोलबारसकट मोजतं. विंडोजवर उभा स्क्रोलबार आला की पट्टी बरोबर त्याच्याएवढी बाहेर जाते. मॅकवर ट्रॅकपॅडबरोबर स्क्रोलबार तरंगता असतो, तिथे हे कधी दिसतच नाही, आणि त्यामुळेच बनवणाऱ्याला कळत नाही. पट्टी आधीच बॉडीच्या आत पूर्ण रुंद असेल तर साधं १०० टक्के पुरतं.

बाकीचे नेहमीचे संशयित भराभर सांगते. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ: १०० टक्के’ आणि ‘हाइट: ऑटो’. टॅगमध्ये चित्राची खरी रुंदी-उंची मात्र लिहा, म्हणजे चित्र उतरेपर्यंत जागा राखली जाते आणि मजकूर उड्या मारत नाही. बाहेरून आणलेले नकाशे आणि व्हिडिओ आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत) ठोकीव रुंदी घेऊन येतात, त्यांची रुंदी १०० टक्के करून ‘आस्पेक्ट-रेशो’ द्या. परिच्छेदात कुणी लांबलचक लिंक चिकटवली असेल तर ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’.

उंचीचे दोष

रुंदीकडे सगळे बघतात, उंचीकडे कमी. पण १२५-१५० टक्क्यांच्या लॅपटॉपवर खरी टंचाई उंचीचीच असते. सरांच्या पडद्यावर पानाला जेमतेम चारशे-साडेचारशे पिक्सेल उंची मिळत होती, आणि त्यात माझा चिकटलेला हेडर १२० चा. अर्ज भरताना टॅबनं पुढच्या रकान्यात गेलं की तो रकाना हेडरखाली लपायचा. ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ देऊन ते सुटतं, पण त्यापेक्षा कमी उंचीवर हेडर चिकटवणंच सोडून दिलं तर बरं. मीडिया क्वेरी (खिडकीच्या मापाप्रमाणे लागू होणारा सीएसएसचा नियम) उंचीवरही लावता येते, याचा अनेकांना विसर पडतो.

फोनवरची गोष्ट वेगळी. पहिलं चित्र ‘१०० व्हीएच’, म्हणजे पूर्ण खिडकीइतकं, उंच ठेवलं की खालचं बटण पत्त्याच्या पट्टीमागे जातं, कारण मोबाइल ब्राउझर व्हीएच मोजताना ती पट्टी लपलेली धरतो. २०२२ पासून ब्राउझरांत ‘एसव्हीएच’ आणि ‘डीव्हीएच’ ही मापं आली. पहिलं पट्टी दिसत असतानाची उंची धरतं, दुसरं पट्टीबरोबर बदलत राहतं. मी ‘एसव्हीएच’ घेते, कारण सरकताना चौकट लहान-मोठी होत राहिली की डोळ्यांना त्रास होतो. जुन्या फोनांसाठी वरच्या ओळीत व्हीएच तसंच राहू द्यावं.

आणि मजकुराच्या कुठल्याही पेटीला ठोकीव उंची देऊ नका. ‘मिन-हाइट’ द्या. अक्षर वाढलं की पेटी वाढली पाहिजे.

अक्षरांचं प्रकरण

देवनागरी पानांच्या निम्म्या तक्रारी मला इथे सापडल्या, म्हणून जरा थांबते.

एखाद्या यंत्रावर तुमचा वेबफॉन्ट (पानाबरोबर इंटरनेटवरून येणारा फॉन्ट) उतरलाच नाही, कनेक्शन मंद होतं म्हणून किंवा कार्यालयाच्या फायरवॉलनं अडवला म्हणून, तर ब्राउझर यंत्रातला फॉन्ट घेतो. विंडोज ८ पासून तो साधारणपणे निर्मला यूआय असतो. पूर्वीचा मंगल विंडोज १० पासून वेगळा उतरवावा लागतो, त्यामुळे सीएसएसमध्ये फक्त ‘मंगल’ लिहून भागत नाही. अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी, ॲपलकडे कोहिनूर देवनागरी. या सगळ्यांत १६ पिक्सेलचं ‘क’ सारख्या आकाराचं दिसत नाही, आणि ओळीची नैसर्गिक उंचीही सारखी नसते. मेन्यू ज्या फॉन्टमध्ये एका ओळीत मावतो, त्याच मेन्यूला दुसऱ्या फॉन्टमध्ये दोन ओळी लागतात. तपासायचा उपाय सोपा आहे: डेव्हलपर टूलमध्ये फॉन्टची फाइल अडवा आणि पान पुन्हा उघडा. तेव्हा जे मोडेल ते कुणाच्या ना कुणाच्या पडद्यावर मोडलेलंच आहे. शक्य तर फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, आणि फॉन्ट जोडायच्या ‘फॉन्ट-फेस’ नियमात ‘साइझ-अॅडजस्ट’ वापरून पर्यायी फॉन्टचं माप मूळ फॉन्टच्या जवळ आणा.

ओळीची उंची ही दुसरी गोष्ट. रोमन अक्षरांसाठी १.२ ची ‘लाइन-हाइट’ शीर्षकाला शोभते. आपल्याकडे डोक्यावर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षरांची उतरंड. १.२ मध्ये वरच्या ओळीचा दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. त्या पेटीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असेल तर तो कापलाच जातो, आणि ‘उर्दू’ चं ‘उर्द’ होतं. हे सौंदर्याचं प्रकरण नाही, शब्दच बदलतो. मी मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ च्या खाली जात नाही. तपासायला माझी एक ठरलेली ओळ आहे: कीर्ती, उर्दू, ऑर्डर, ऱ्हास, वाङ्मय, कृतज्ञ, ॲल्युमिनियम. बटणात, मेन्यूत, तक्त्याच्या डोक्यावर, सगळीकडे ही ओळ भरून बघते. जिथे एखादं चिन्ह छाटलं गेलं तिथे उंची कमी आहे.

‘लेटर-स्पेसिंग’ देवनागरीला अजिबात लावू नका. अक्षरांमधली शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा दिसायला लागतो. विकत घेतलेल्या टेम्पलेटांत मेन्यूला ते हमखास लावलेलं असतं. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहायलाही विसरू नका. ज्या फॉन्टांत सोय आहे, त्यांत त्यामुळेच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

तिसरी गोष्ट, अक्षराचा आकार कशात लिहिता. काही लोक झूमला हात न लावता ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार ‘मोठा’ करतात. तुम्ही पिक्सेलमध्ये लिहिलं असेल तर त्यांची सेटिंग साफ दुर्लक्षली जाते. ‘रेम’ मध्ये, म्हणजे मूळ अक्षराच्या पटीत, लिहिलं तर पाळली जाते, पण त्यासाठी मूळ एचटीएमएल घटकाला पिक्सेलचा आकार दिलेला नसला पाहिजे. फक्त व्हीडब्ल्यूमध्ये लिहिलेलं शीर्षक झूम कितीही केला तरी वाढत नाही, कारण झूमबरोबर खिडकीची रुंदी तेवढीच घटते. ‘क्लॅम्प’ (किमान, मधलं आणि कमाल अशी तीन मापं घेणारं) वापरायचं तर मधल्या मापात थोडं रेम, थोडं व्हीडब्ल्यू मिसळा. फायरफॉक्समध्ये फक्त अक्षरं मोठी करायचा पर्याय आहे. तो लावून २०० टक्क्यांवर बघितलं की ठोकीव उंचीच्या पेट्या लगेच सापडतात.

फोनवर एक छोटा त्रास: अर्जातल्या रकान्याचं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनची सफारी त्यावर बोट ठेवताच पान मोठं करते, आणि लोकांना वाटतं साइट हलतेय. रकान्याला १६ किंवा जास्त द्या.

ब्रेकपॉइंट कुठे ठेवायचे

अमुक फोनची रुंदी, तमुक टॅबची रुंदी असं पाठ करून ब्रेकपॉइंट ठेवण्यात अर्थ नाही. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या, मांडणीची कल्पना मांडली, तेव्हा हाताळायची उपकरणं मोजकी होती. आज स्केल आणि झूम गुणले की कुठलाही आकडा येऊ शकतो, पूर्णांक नसलेलाही. कमाल ७६७ आणि किमान ७६८ असे दोन नियम लिहिले असतील आणि खिडकी ७६७.५ ची निघाली, तर एकही नियम लागू होत नाही. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस फ्रेमवर्कच्या फाइलमध्ये ७६७.९८ असा विचित्र आकडा दिसतो तो यासाठी. मी तर एकाच दिशेचे नियम लिहिते, फक्त ‘मिन-विड्थ’ चे, म्हणजे फटच राहत नाही.

खिडकी हळूहळू अरुंद करत जा. जिथे मजकूर कोंदटला, तिथे ब्रेकपॉइंट. माझा मेन्यू १०६० लाच दाटीवाटीनं बसत होता, ९९२ हा आकडा मी फ्रेमवर्कमधून जसाच्या तसा उचललेला. आता तो ‘ईएम’ मध्ये, ६८ आहे. मीडिया क्वेरीतलं ईएम ब्राउझरच्या मूळ अक्षरावर ठरतं, त्यामुळे कुणी अक्षर मोठं केलं की मेन्यूही आधीच गुंडाळला जातो. एकच कार्ड कधी रुंद जागेत, कधी बाजूच्या अरुंद पट्टीत वापरत असाल तर खिडकीऐवजी वेष्टनाच्या रुंदीवर चालणाऱ्या कंटेनर क्वेरी घ्या. २०२३ च्या सुरुवातीपासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत त्या आहेत.

तपासताना सगळ्यात खालची पायरी ३२० पिक्सेलची ठेवा. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषांत, हाच आकडा आहे: १२८० ची खिडकी ४०० टक्के झूम केली की ३२० उरतात, आणि त्या रुंदीवर वाचताना आडवं सरकावं लागू नये अशी अपेक्षा आहे. खऱ्या तक्त्यांना त्यातून सूट आहे. मी ३२०, ३६०, ७६८, प्रत्येक ब्रेकपॉइंटच्या एक पिक्सेल अलीकडे-पलीकडे, १०९३, १२८० आणि १५३६ एवढ्या रुंदी बघते. पंधरा मिनिटं लागतात.

सरांकडे दुरुस्त पान गेलं तेव्हा त्यांचा लॅपटॉप होता तसाच होता, स्केल १२५, झूम ११०. “आता दिसतंय सगळं,” ते म्हणाले, आणि लगेच पुढचं सांगितलं: नव्या पुस्तकांची यादी छापून दारावरच्या फळ्यावर लावतात, त्यात मात्र शेवटचा रकाना अजून कापला जातोय. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे सीएसएसच्या हिशेबात साधारण ७९४ पिक्सेल, त्यातून समास वजा. कागदावर तक्ता आडवा सरकत नाही. छपाईच्या मीडिया क्वेरीत चौकटीचा ओव्हरफ्लो पुन्हा ‘व्हिजिबल’ केला, बाजूची सूचनापेटी आणि मेन्यू लपवले, ‘टेबल-लेआउट’ फिक्स्ड करून लांब शब्दांना तुटायची मुभा दिली, आणि मुखपृष्ठाच्या चित्राचा रकाना काढून टाकला. दुसऱ्या दिवशी फळ्याचा फोटो आला, चारही टाचण्या कागदाच्या कोपऱ्यांत आणि ‘उपलब्ध’ रकाना पूर्ण.